एका लेकरासाठी बाटली फुटत नाही

शिवकांताच्या दाराच्या चौकटीत कडुलिंबाचा डहाळा खोचलेला दिसला आणि तोंडापाशी नेलेला चहा मी तसाच खाली ठेवला. डहाळा ताजा होता. पहाटेच कुणीतरी तोडून आणला असणार, कारण पानांवर अजून धूळ बसली नव्हती, आणि आमच्या गल्लीत धूळ बसायला वेळ लागत नाही. मागे डाळमिल आहे, तिची चुनी दिवसभर उडते आणि माणसं, भांडी, वाळत घातलेली लुगडी सगळं पिवळट करून टाकते. उंबऱ्याबाहेर पाण्याने भरलेला तांब्या ठेवला होता, चपला बाजूला सारल्या होत्या. म्हणजे शिवकांताच्या घरात आई आली होती. दवाखान्याच्या भाषेत गोवर. आला असणार तिच्या महांतेशला, कारण त्या घरात लहान तोच एक. आणि परवाच तो महांतेश, नाक वाहतंय, डोळे लाल झालेत, अशा अवस्थेत आमच्या ओट्यावर बसून माझ्या मितूसोबत एकच बिस्कीट खात होता. ती त्याच्या तोंडातलं काढून आपल्या तोंडात घालत होती आणि आम्ही दोघी आया हसत होतो. मितू माझी मुलगी. कागदावर संघमित्रा. वर्ष उलटून गेलंय, भिंतीला धरून चालते, आणि तिला गोवराची सुई अजून मिळालेली नाही.

आधी भीतीच वाटली. पण ती भीती टिकली नाही, तिच्या मागोमाग राग आला आणि तिला ढकलून पुढे बसला. माझा राग मला ओळखू येतो. लोकांचा डोक्यात चढतो, माझा हातात उतरतो, काहीतरी आपटावंसं वाटतं. कपबशी आपटण्यासारखी नव्हती, दोनच उरल्यात. शिवकांतावर राग नव्हता माझा, तिचं काय चुकलं ते मला ठाऊक होतं आणि ते तिचं एकटीचं नव्हतं. राग या गावावर होता. लातुरात मोठ्या रस्त्याला लागलं की जिकडेतिकडे फलक, पोरापोरींचे हसरे चेहरे, खाली मार्क, वर क्लासचं नाव. कुठकुठची पोरं इथे डॉक्टर व्हायला येतात, खोल्या घेऊन राहतात, डबे खातात, आणि होतातही. आमच्या गल्लीच्या तोंडावर असाच एक फलक आहे. संध्याकाळी त्याचा उजेड थेट माझ्या चुलीपर्यंत येतो, बल्ब उशिरा लावला तरी चालतं. होऊ घातलेल्या डॉक्टरांच्या उजेडात मी भाकरी थापते आणि माझ्या लेकराला एक सुई मिळत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात. त्या अंधारात कुणी राहतं, हे म्हणणाऱ्याला माहीत नसतं.

मी सुई चुकवली असती तर एवढं लागलं नसतं. चुकवणाऱ्या बायका आहेत, नाही असं नाही. सुई दिली की पोराला ताप येतो, ताप आला की पोर मांडीवरून उतरत नाही, मग मिलमध्ये खाडा, आणि खाडा झाला की मुकादम दुसरी बाई उभी करतो. त्यांना मी नावं ठेवत नाही. पण मी चुकवली नव्हती. मी बारावी झालेली, भोकरची. आमच्या घरात सुईला कुणी भीत नाही. मितू सरकारी दवाखान्यात झाली, पहिली सुई तिथेच दिली, नंतरच्याही वेळेवर दिल्या. मग माझ्या आईचा पाय मोडला आणि मी भोकरला गेले. नेमकी तेव्हाच गोवराची वेळ आली. तिथल्या सुई देणाऱ्या बाईने विचारलं, कार्ड कुठलं? लातूरचं. मग लातूरलाच घ्या. जसं काही सुईला गावाची वेस आहे. लातूरला परत आले तर इथे वेगळीच गंमत. आमची गल्ली जुन्या हद्दीत की नव्या, हे कुणाला सांगता येत नाही. घरोघर फिरणारी आशाताई नाल्यापर्यंत येते, आणि नाल्याच्या अलीकडे आम्ही. मतं मागायला येणाऱ्यांना मात्र नाला ओलांडता येतो.

राहिली अंगणवाडीची खोली. तिथे महिन्यातून एकदा मंजुश्री सिस्टर निळी पेटी घेऊन येते. गोवराची लस म्हणजे एका बारक्या बाटलीत पावडर असते. पाणी घालून एकदा कालवली की थोड्या तासांत संपवायची, नाहीतर फेकायची. एका बाटलीत पुष्कळ लेकरांची लस. म्हणून लेकरं जमल्याशिवाय सिस्टर बाटली फोडत नाही. हे मला पहिल्यांदा गेले तेव्हा कळलं. मी मितूला घेऊन गेले होते आणि सोबत शिवकांता महांतेशला घेऊन. आम्ही दोघीच. सिस्टर फार गोड बोलली. म्हणाली, दोघांसाठी बाटली फुटत नाही हो ताई, वाया गेली की मीटिंगमध्ये माझी खरडपट्टी निघते, पुढच्या महिन्यात या. पुढच्या महिन्यात मी मिलमध्ये खाडा करून गेले तर सिस्टरला दुसऱ्या कामाला धाडलेलं, खोलीला कुलूप. त्याच्या पुढच्या महिन्यात मी एकटी. एकटीसाठी तर प्रश्नच नव्हता. शिवकांता तोवर कंटाळली होती. म्हणाली, जाऊ दे गं, पोराला काय झालंय का? आता झालं होतं. ज्या दोन पोरांसाठी बाटली फुटली नाही, त्यातलं एक समोरच्या घरात अंधारात पडलं होतं, आणि दुसरं माझ्या पायाशी बसून माझ्या केसांची क्लिप दातांनी तोडत होतं.

आज सिस्टरचा दिवस होता. याला नशीब म्हणायचं की थट्टा, मला कळलं नाही. मिलचा भोंगा झाला तरी मी निघाले नाही. मुकादम सिद्रामप्पाचा फोन आला, मी उचलला नाही. आदर्शला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मी फोन लावला. तो मार्केट यार्डात हमाल, मालाच्या ट्रकबरोबर हैदराबादेकडे गेलेला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, सिस्टरशी नीट बोल, भांडू नको. मला सगळे हेच सांगतात. मिलमध्ये नीट बोल, दवाखान्यात नीट बोल, रेशनच्या दुकानात नीट बोल. मी जन्मभर नीट बोलत आले. नीट बोलून जर बाटली फुटत असती तर पहिल्याच महिन्यात फुटली असती.

सासरे, निवृत्तीमामा, ओट्यावर कालचा पेपर वाचत बसले होते. आम्ही दोघं कामावर गेलो की मितू त्यांच्यापाशी असते. त्यांनीही डहाळा पाहिला होता. पेपरातून डोकं न काढता म्हणाले, पुन्हा ती लिंबाची पानं. मामांचं आणि लिंबाचं जुनं वैर. रोज लिंबाच्या काडीनं दात घासतात, पण ती काडी आमच्या उंबऱ्यात पडू देत नाहीत. मी एकदा हसले होते तर चिडले, म्हणाले, दात घासायला झाड हाय, दाराला लावायला न्हाई. त्यांचं गाव हिमायतनगरकडचं. मामांची थोरली बहीण देवीच्या साथीत गेली. तिला लिंबाच्या पाल्यावर निजवलं होतं, दाराला डहाळे होते, घरात फोडणी बंद, कुणी सुईदोरासुद्धा हातात घ्यायचा नाही, आणि सगळं सोवळं पाळून ती गेली. मामांच्या वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव टोपलीत भरले आणि पैनगंगेत सोडले. मामा सांगतात, माझा बाप देव सोडताना रडला न्हाई, शिव्या देत होता. हे ते इतक्या अभिमानाने सांगतात की मला लग्न होऊन आल्या आल्याच हे घर आवडलं. आमच्या घरात लिंबू नाही, कुंकू नाही, उतारा नाही. अंगात येणं हा शब्द उच्चारला तरी मामा म्हणतात, दोन कानफटात दिल्या की उतरतं.

मितूला मामांपाशी ठेवून मी आधी अंगणवाडीत गेले. सिस्टर आली होती, पेटीवर कोपर टेकून मोबाईल बघत होती. सांगितलं, गल्लीत गोवर निघालाय, माझ्या मुलीला आज द्याच. ती सावरून बसली, महांतेशची चौकशी केली, म्हणाली, मग तर लगेच द्यायला हवी, अजून उपयोग होईल. माझ्या जिवात जीव आला. पण पुढे म्हणाली, तुम्ही सगळ्यांना घेऊन या ना, सगळ्यांनाच लागेल आता, जमली की लगेच फोडते. ती दुष्ट बाई नाही, हे मला लिहिताना मुद्दाम सांगावं लागतंय, कारण दुष्ट असती तर माझं काम सोपं झालं असतं. तिच्या पर्समध्ये डब्याशेजारी विभूतीची डबी दिसत होती, पायात झिजलेली चप्पल होती, आणि तिच्यावर कुणीतरी ओरडणारं होतं. त्याच्यावरही कुणीतरी असेल. या उतरंडीत रागवायचं कुणावर, हेच कळत नाही. वरच्या मडक्याला दगड मारावा तर हात पोचत नाही.

म्हणून मी दारोदार फिरले. ज्या घरातल्या बाया मिलवर गेल्या होत्या तिथे म्हाताऱ्या होत्या, आणि सगळ्या म्हाताऱ्यांचं एकच म्हणणं. गल्लीत आई फिरायल्यात, अशात लेकराला सुई टोचायची म्हंजे काय? ज्या घरी आई येते तिथे सुईदोरा धरत नाहीत, हे मला मामांनी सांगितलेलं होतंच. आता ती बंदी एका घरापुरती राहिली नव्हती, साऱ्या गल्लीला लागू झाली होती, आणि शिवणाची सुई आणि सिस्टरची सुई एकच झाली होती. मी समजावलं. रोग कसा पसरतो सांगितलं, लस काय करते सांगितलं, बारावीचं जेवढं आठवत होतं तेवढं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. एकीने मला पाणी दिलं. दुसरी म्हणाली, तुमच्यात देव मानत न्हाईत पोरी, तुमचं निराळं हाय. हे ती चिडून नाही, मायेने म्हणाली, आणि त्यामुळे मला आणखीच राग आला. निराळं काय आहे? महांतेशचा खोकला दारावर जात विचारत बसणार नव्हता. मी निराळी असते तर माझ्या लेकीला सुई मिळाली असती. तेवढ्यासाठी मी कुणाच्यातलीही व्हायला तयार होते.

परत अंगणवाडीत गेले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. खोलीत तीन बाया होत्या, त्यांची बाळं दुसऱ्या सुयांसाठी आलेली. सिस्टर घड्याळ बघत होती. मी एकटी आलेली पाहून तिने मान हलवली आणि जे म्हणाली ते मी जन्मात विसरणार नाही. म्हणाली, "बघा ना ताई, आम्ही किती सांगतो. पण तुमचे लोकच येत नाहीत." मी म्हणाले, "मी आलेय की." ती म्हणाली, "तुम्ही आलात हो, पण एका लेकरासाठी बाटली फुटत नाही." मी आलेय. तीनदा आले, आज चौथ्यांदा. माझं येणं कुठेच धरलं जात नव्हतं. मी न येणाऱ्यांतच होते, कारण न येणाऱ्यांच्या गल्लीत राहत होते. उद्या मितूच्या अंगावर पुरळ उठला तर कुणीतरी साहेब येईल आणि म्हणेल, वस्तीत जागृती नाही. मला त्या साहेबाचा चेहरासुद्धा दिसला. गोरा, नीट बोलणारा.

मी तिथून निघाले. नीट बोलायचं राहिलंच नव्हतं काही. सकाळपासून पोटात अन्न नव्हतं, चहादेखील तसाच राहिला होता. क्लिप तुटलेली, केस मोकळे सुटलेले, ते मी आवरले नाहीत. पदर कुठे आहे याचं भान नव्हतं. चप्पल अंगणवाडीच्या दारातच राहिली हे मला गल्लीत पोचल्यावर, तापलेल्या फरशीवर पाय भाजला तेव्हा कळलं. शिवकांताच्या दारासमोर आले आणि तो डहाळा पुन्हा दिसला. हातात उतरतो म्हणाले ना राग, तसा तो उतरला. मी डहाळा उपसला आणि दारावर हाणला. आणि ओरडले. काय ओरडले ते सगळं आठवत नाही. लेकरं बाहेर काढा म्हणाले, किती दिवस कोंडून ठेवणार म्हणाले, किती मेली म्हणजे तुमचं पोट भरेल म्हणाले. मामांची न पाहिलेली बहीण आठवत होती, पाल्यावर निजवलेली. आवाज माझा नव्हता. घसा बसून जाडा, पुरुषी आवाज येत होता, आणि अंग असं कापत होतं की मला माझे दात वाजलेले ऐकू येत होते. रागाने अंग इतकं थरथरतं हे मला माहीत नव्हतं. दारं उघडली. म्हाताऱ्या बाहेर आल्या. मी हातातला डहाळा फरशीवर झोडत होते आणि त्या बघत होत्या.

मग शिवकांता बाहेर आली. हातात तांब्या होता. मला वाटलं, मला प्यायला आणला. तिने तो माझ्या पायांवर ओतला. भाजलेल्या पायांना ते पाणी इतकं गार लागलं की माझा आवाज थांबला. ती वाकली, पाया पडली, उठून माझं कपाळ कुंकवाने भरलं. मळवट. हात जोडून, डोळ्यांत पाणी आणून तिने विचारलं, "आई, काय चुकलं वो आमचं? काय पायजे तुमाला?"

एवढ्या एका क्षणात मी पूर्ण शुद्धीवर आले. इतकी शुद्ध मला आयुष्यात कधी नव्हती. मला सगळं दिसत होतं. माझे मोकळे केस, हातातला डहाळा, हात जोडून उभ्या म्हाताऱ्या, मघाशी मला पाणी देणारी, माझं निराळं आहे म्हणणारी. आणि समोर आमच्या ओट्यावर उभे राहिलेले मामा, कडेवर मितू. मला म्हणता आलं असतं, अगं शिवकांता, मी बुद्धप्रिया. अंगात बिंगात काही नाही, मला राग आलाय. पण बुद्धप्रिया सकाळपासून या दारांवर येऊन गेली होती. बुद्धप्रियाने रोग कसा पसरतो ते सांगितलं होतं. बुद्धप्रियाला या गल्लीत पाणी मिळालं, लेकरं मिळाली नाहीत. मी मामांकडे पाहिलं नाही. त्याच जाड्या आवाजात म्हणाले, "सुई पायजे. साऱ्या लेकरांना."

कुणी हललं नाही. एक म्हातारी भीत भीत म्हणाली, तुमी असताना सुई चालत न्हाई म्हंतेत आई. मी म्हणाले, कोण म्हणतं? मी सांगायले, चालते. आज. आत्ता. तिने मान खाली घातली. शिवकांताने विचारलं, आन् माझं पोरगं? त्याच्याजवळ तुमी हाव ना? काय बोलावं हे मला शोधावं लागलं नाही, ते आपोआप आलं आणि त्याचीच मला अजून लाज वाटते. "मी निघाले तुझ्या घरातून," मी म्हणाले. "पोराला दवाखान्यात ने." शिवकांता आत धावली आणि महांतेशला चादरीत गुंडाळून बाहेर घेऊन आली, ऑटोसाठी ओरडत गल्लीच्या तोंडाकडे निघाली. ते पोर उजेडाला डोळे मिटून घेत होतं. माझ्या जवळून गेलं तेव्हा त्याच्या अंगाची धग मला लागली. गल्लीतली सगळी घरं लेकरं काढायला लागली, पाळण्यातली, झोपलेली, अंघोळ अर्धी झालेली. कुणीतरी माझ्या मुठीत लिंबू कोंबलं. मी पुढे आणि त्या मागे. मी वळून पाहिलं तेव्हा आमचं दार बंद होत होतं. मामा मितूला घेऊन आत गेले होते. त्यांनी कडी लावल्याचा आवाज एवढ्या गलक्यातही मला ऐकू आला.

अंगणवाडीत शिरले तेव्हा मंजुश्री सिस्टर ताडकन उभी राहिली. माझ्या कपाळाकडे पाहिलं, मागच्या बायांकडे पाहिलं, आणि तिचे दोन्ही हात नकळत एकमेकांजवळ आले. पुरते जोडले गेले नाहीत, मध्येच थांबले. मग तिने पेटी उघडली. पाण्याच्या काचेच्या कुपीची मान मोडताना टक् असा बारीक आवाज झाला, एवढाच. त्या आवाजासाठी मी महिनोन्‌महिने येत होते. तिने बाटली लेकरं मोजून फोडली की माझा मळवट बघून, हे मला कधीच कळणार नाही. एकेक दंड पुढे येत होता, एकेक लेकरू किंचाळत होतं, म्हाताऱ्या माझ्याकडे बघत होत्या आणि मी भिंतीला टेकून उभी होते. देवीला घाई करता येत नाही. देवीला स्वतःचं लेकरू नसतं. गल्लीतली सगळी पोरं टोचून होत होती आणि माझी तेवढी कडीच्या आत होती, एका खऱ्या, अडाणीपणाची चीड असलेल्या, शहाण्या माणसाजवळ. मला हसू यायला लागलं. ते मी दाबलं तर अंग पुन्हा कापलं, आणि एका म्हातारीने घाईघाईने माझ्या पायावर आणखी पाणी घातलं.

लक्ष चुकवून मी निघाले, लिंबू नाल्यात टाकलं, आणि आमच्या दारावर थाप मारली. मामांनी दार उघडलं नाही. आतून म्हणाले, "काय करून राहिली तू? कोण हायेस तू?" मी म्हणाले, मी बुद्धप्रिया, मितूला द्या, सुई द्यायचीय. ते म्हणाले, सुई तर मितूला पायजेच. पण मळवट भरलेली बाई माझ्या नातीला हात लावणार न्हाई. माझ्या बापानं नदीत सोडलेलं तू दारात आणलंस. त्यांचा आवाज फुटला होता. त्यांना सांगावंसं वाटलं की मामा, तुमचा बाप शिव्या देत होता ना, मीही देतच होते, बायांनी नमस्कार केला त्याला मी काय करू? पण वेळ नव्हता. मोरीजवळच्या बादलीतलं पाणी मी तोंडावर मारलं, पदराने कपाळ घासलं, साबणाने घासलं, कातडी चुरचुरेपर्यंत घासलं. केस बांधले. मग कडी निघाली. मामांनी माझं कपाळ निरखून पाहिलं आणि मितूला माझ्या हातात दिलं. ती गार होती, हसत होती, तिने पुन्हा माझ्या केसांना हात घातला.

अंगणवाडी रिकामी झाली होती. बाया लेकरं घेऊन पांगल्या होत्या, सिस्टर कापूस आवरत होती. मी मितूला टेबलावर बसवलं. सिस्टरने रिकामी बाटली उजेडात धरून दाखवली. म्हणाली, अहो ताई, उशीर केलात, संपली. पेटीत दुसरी होती, मला झाकणाखाली दिसत होती. मी म्हणाले, दुसरी फोडा. ती नेहमीसारखंच गोड बोलली, तिला सवयच होती. म्हणाली, दुसरीला पुन्हा तेवढीच लेकरं लागतील ना. एकटीसाठी कशी... आणि तिथे थांबली. तिने माझ्याकडे नीट पाहिलं. माझं कपाळ लाल झालं होतं, पण कुंकवाने नाही. ज्या बाईला ती महिनोन्‌महिने परत पाठवत होती, तीच बाई समोर होती, केस बांधलेली, चप्पल शोधून घातलेली.

मी अगदी नीट बोलले. आदर्शने सांगितलं होतं तसं. म्हणाले, "पुसून आलेय सिस्टर. परत भरून येऊ का?"

तिने मान खाली घातली. मग पेटीत हात घातला, दुसरी बाटली काढली, कुपीची मान मोडली, पाणी ओढलं, पावडरीत सोडलं, बाटली तळव्यात फिरवली. टोचायला लागला त्याहून जास्त वेळ मितू रडली. सुईबरोबर देतात ते जीवनसत्त्वाचं औषध चमच्याने पाजताना तिने निम्मं सिस्टरच्या साडीवर उडवलं. सिस्टरने साडी पुसली आणि बाटली टेबलावर ठेवली, जवळजवळ भरलेली. म्हणाली, बाकीचं सगळं वाया जाणार बघा. मी म्हणाले, जाऊ द्या.

बाहेर नाल्याच्या कडेला मामा उभे होते. उन्हात, डोक्यावर पेपर धरून. ते माझ्या मागोमाग आले असणार. आत यायला त्यांना जमलं नसेल. त्यांनी हात पुढे केले, मी मितूला दिलं. तिच्या दंडावरचा कापूस त्यांनी बोटाने चाचपला.

"मिळाली?"

"मिळाली."

"बाटली तर संपली म्हणत होत्या बाया. दुसरी फोडली?"

"हाव."

"एकटीसाठी?"

मी मान हलवली. ते चालायला लागले, मीही लागले. नाला ओलांडून झाला, फलकावरच्या हसऱ्या पोरांखालून आम्ही गल्लीत वळलो, तिथे ते थांबले. मितू त्यांच्या खांद्यावर हुंदके देत होती.

"म्हंजे फोडता येत होती," मामा म्हणाले.

आम्ही पुढे निघालो. शिवकांताच्या दारासमोर डहाळा तसाच फरशीवर पडला होता, त्यावर एव्हाना चुनी बसली होती.